ल माँवर एक दिवस: कोमोच्या काठावरून स्टेल्व्हिओच्या माथ्यावर

हातातला मोबाइल खाली ठेवा, आज त्याचा उपयोग नाही. अंगात जाड कातडी जॅकेट चढवा, पायात घोट्यापर्यंतचे बूट घाला आणि खिशात थोड्या लिरा आहेत ना, ते चाचपून बघा. झालं? मग डोळे उघडा. 1976 चा जून संपत आला आहे, सकाळचे सात वाजले आहेत आणि तुम्ही उत्तर इटलीत, कोमो सरोवराच्या पूर्व काठावरच्या मांदेल्लो देल लारिओ या गावात, एका बारच्या काउंटरला कोपर टेकून उभे आहात.

सकाळच्या वेळी इथला बार कॉफीवर चालतो. यंत्रातून वाफ फुस्सकन सुटते, इवल्या कपबश्या खणखणतात, भाजलेल्या कॉफीच्या वासात सिगारेटचा धूर मिसळतो. शेजारी निळ्या कामाच्या कपड्यांतला एक कामगार उभा आहे. नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ आहे, ती कुठल्याही साबणाने जाणारी नाही. त्याने कॉफीत ग्राप्पाचे चार थेंब पाडून घेतले, दोन घोटांत कप रिकामा केला आणि निघालासुद्धा. इथे सकाळी कोणी बसत नाही. तुम्हीही उभ्यानेच प्या. कॉफी कडू आहे, जीभ पोळेल इतकी गरम आहे आणि तीन घोटांत संपणार आहे.

पैसे द्या, पण सुट्ट्यांची वाट बघू नका. सध्या इटलीत नाण्यांची टंचाई आहे. काउंटरमागच्या बाई तुमच्या तळहातावर टेलिफोनचं एक टोकन, दोन गोळ्या आणि बँकेने छापलेला शंभर लिरांचा चिमुकला चेक ठेवतात. शंभर हातांतून गेल्यामुळे चेकचा कागद पार मऊ पडला आहे. सगळ्या देशात सध्या असंच चाललं आहे, त्यामुळे कुरकुर न करता सगळं खिशात टाका.

बाहेर या. गार वारा तोंडावर येतो. उत्तरेकडून सकाळी वाहणारा हा तिव्हानो. दुपारी तो पडेल आणि दक्षिणेकडून ब्रेव्हा सुरू होईल. इथले नावाडी त्यावर दिवस आखतात. समोर काळसर निळं पाणी, पाठीमागे ग्रिन्याचे पांढुरके चुनखडीचे सुळके. धक्क्याजवळ आगोने नावाची मासळी मीठ लावून वाळत घातली आहे. कोकणातून आला असाल तर सुक्या मासळीच्या या वासाने क्षणभर घरी पोचाल.

आता बाजूला व्हा, नाहीतर सायकल अंगावर येईल. एक नाही, रस्ताभर सायकली आहेत. त्यांच्यामध्ये व्हेस्पा फटफटत आहेत, तीनचाकी आपे टेम्पो खोकत आहेत, फियाट 500 हॉर्न वाजवून वाट मागत आहेत. सगळी गर्दी एकाच फाटकाकडे चालली आहे. रेल्वेचे रूळ ज्याच्या कडेने जातात तो लांबलचक कारखाना म्हणजे मोतो गुत्सी. या गावात कोणाचा मामा तिथे लेथवर असतो, कोणाची आई सुट्या भागांच्या गोदामात, कोणाचा आजोबा तिथूनच निवृत्त झालेला असतो.

फाटकावरचा गरुड बघून घ्या. पहिल्या महायुद्धात तीन तरुणांनी मोटारसायकली बनवायच्या असं ठरवलं होतं: मेकॅनिक कार्लो गुत्सी आणि वैमानिक जॉर्जो पारोदी व जोव्हान्नी राव्हेल्ली. युद्ध संपलं आणि 1919 मध्ये विमान अपघातात राव्हेल्ली गेला. उरलेल्या दोघांनी 1921 मध्ये कंपनी काढली आणि मित्राची आठवण म्हणून गरुडाचे पंख गाडीच्या टाकीवर चढवले. 1928 मध्ये कार्लोचा भाऊ जुझेप्पे मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार असलेली नवी गाडी घेऊन थेट उत्तर ध्रुववृत्तापलीकडे जाऊन आला. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचं मागचं चाक फ्रेमला ताठ बांधलेलं असे आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाई. लांबचा प्रवास माणसाच्या अंगाला सोसला पाहिजे, हा विचार या गावात तेव्हापासून आहे. आज तुम्ही जी गाडी चालवणार आहात तीही त्याच विचारातून आली आहे.

कारखान्याच्या आवारात वाऱ्याचा बोगदाही आहे. 1950 मध्ये बांधलेल्या या बोगद्यात अख्खी गाडी स्वारासकट उभी करून तिच्यावर वारा सोडता येतो. 1955 मध्ये याच कारखान्याने 500 सीसीत आठ सिलिंडर बसवलेलं शर्यतीचं इंजिन केलं. जुन्या कामगाराला त्याबद्दल विचारलंत तर तो हातवारे करून ते इंजिन हवेत उभं करील आणि तोंडाने त्याचा आवाजही काढील. ऐकून घ्या, पण फार रेंगाळू नका. तुमची गाडी भिंतीच्या सावलीत उभी आहे.

लाल रंग, काळी सीट, हेडलाइटभोवती इवलंसं फेअरिंग आणि त्यावर डोळ्यांत भरणारा नारिंगी पट्टा. ही मोतो गुत्सी 850 ल माँ, यंदाच बाजारात आलेली. नाव फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतींच्या गावावरून घेतलं आहे. पहिल्या नजरेत ती बुटकी आणि लांबट वाटते. जवळ जाऊन टाकीवर हात ठेवा. कमरेच्या जेमतेम वर येते.

आता पुढून बघा. टाकीच्या दोन्ही बाजूंनी एकेक सिलिंडर बाहेर डोकावतो आहे. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, इथे गाडीच्या लांबीत बसवला आहे, त्यामुळे 90 अंशांत फाकलेले दोन्ही सिलिंडर दोन कुशींना आले. दोघांना समोरून सारखाच वारा लागतो, एक दुसऱ्याच्या आड येत नाही, म्हणून भर उन्हात घाट चढतानाही दोन्ही सारखेच थंड राहतात. टॅपेट सेट करायचे असले तर टाकी उतरवावी लागत नाही. रस्त्याकडेला बसा, झाकण काढा, फिलर गेज घाला, काम झालं. पुन्हा 90 अंशांच्या कोनामुळे एका पिस्टनचा धक्का दुसऱ्या बाजूने बराचसा तोलला जातो आणि वेग चढला की मुंग्या आणणारी थरथर हाताला जाणवत नाही.

या इंजिनाची मूळ रचना जुलिओ चेझारे कार्कानो यांची. आठ सिलिंडरचं ते इंजिनही त्यांचंच. मात्र या रचनेतून निघालेली 703 सीसीची पहिली गाडी शर्यतीसाठी नव्हती. दिवसभर रस्त्यावर राहणाऱ्या, ऊनपावसात उभ्या असणाऱ्या पोलिसांच्या गाड्यांना जे इंजिन हवं होतं, ते हे. सोपं, जाड, टिकाऊ. कॅम खाली इंजिनाच्या पोटात आणि व्हॉल्व्ह उघडायला लांब दांड्या. तेव्हाच्या मानाने ही रचना जुनीच होती, पण ती बिघडत नव्हती.

अशा गाडीला वेगाची गाडी कोणी केली? लीनो तोंती यांनी. जुन्या इंजिनाच्या डोक्यावर, दोन सिलिंडरांच्या मध्ये, विजेचा डायनामो बसलेला होता. तो असेपर्यंत टाकी आणि फ्रेम दोन्ही उंच ठेवणं भाग होतं. तोंतींनी डायनामो काढून टाकला आणि क्रँकच्या पुढच्या टोकाला आल्टरनेटर बसवला. सिलिंडरांमध्ये जागा मोकळी झाली आणि फ्रेमचा कणा त्या फटीतून खाली घेता आला. सरळ नळ्या, त्यांचे त्रिकोण आणि खालच्या दोन नळ्या बोल्टांनी बसवलेल्या. त्या सोडल्या की इंजिन खालून अलगद बाहेर येतं. 1971 च्या व्ही 7 स्पोर्ट या गाडीला ही फ्रेम मिळाली आणि पोलिसी इंजिनाची गाडी एकदम खाली, रस्त्याजवळ आली. तुमच्यासमोरच्या ल माँला तीच फ्रेम आहे.

इंजिन मात्र भूक वाढवून आलं आहे. 83 मिमी बोअर, 78 मिमी स्ट्रोक, 844 सीसी. कॉम्प्रेशन 10.2 ला 1. देल्लोर्तोचे 36 मिमीचे दोन कार्बोरेटर आणि त्यांच्या तोंडाशी एअर फिल्टरऐवजी नुसती जाळी. ताकद मिनिटाला 7300 फेऱ्यांवर सत्तर हॉर्सपॉवरच्या आसपास. ही रचना आता कानांनी अनुभवा.

सीटवर बसा. हँडल तुमच्या अपेक्षेपेक्षा खाली आणि पुढे आहे, तेव्हा टाकीवर जरा ओणवे व्हा. पेट्रोलचा कॉक उघडा. अॅक्सिलरेटर दोनतीनदा पूर्ण पिळा. कार्बोरेटरमधला छोटा पंप प्रत्येक पिळीला पेट्रोलची पिचकारी आत सोडतो आणि त्याचा गोडसर तीव्र वास नाकात शिरतो. या पेट्रोलमध्ये शिसं आहे, म्हणून वास वेगळा वाटेल. आता स्टार्टर दाबा.

घर्र... घर्र... धडाम. मांडीखालची सगळी गाडी दचकून जागी होते. थंड इंजिन अडखळत, लंगडत चालतं. दोन ठोके जवळजवळ, मग मोठी उसंत, पुन्हा दोन ठोके. ही उसंत बिघाडाची नाही. 90 अंशांच्या दोन सिलिंडरांत स्फोट समान अंतराने होतच नाहीत. उभ्याउभ्या एकदा जोरात रेस द्या. गाडी उजवीकडे खांदा टाकते, जोखड झटकणाऱ्या बैलासारखी. घाबरू नका. क्रँक लांबीत फिरतो, त्याने झटका घेतला की उलट झटका गाडीच्या अंगाला बसतो. चालू लागलात की विसरून जाल.

कायद्याने अजून हेल्मेटची सक्ती नाही आणि रस्त्यावरचे बरेच जण केस उडवत जात आहेत. तुम्ही मात्र हेल्मेट घाला. भविष्यातून आला आहात, तेवढं शहाणपण सोबत आणलेलं बरं.

क्लच दाबा. जड आहे ना? संध्याकाळी डाव्या मनगटाला ते आठवेल. पहिला गिअर ठणकन पडतो. गिअरबॉक्सला घाई आवडत नाही. क्लच दाबा, क्षणभर थांबा, पायाने ठाम ढकला, मग क्लच सोडा. घाई केलीत तर गिअर करकरतो आणि बाजूने जाणारा म्हातारा मान वळवून बघतो. या गावात प्रत्येकाला आवाजावरून तुमची चूक कळते.

मांदेल्लो मागे पडलं. सरोवराच्या काठाने उत्तरेला जाणारा रस्ता डोंगराच्या अंगाला चिकटून आहे. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात आखलेल्या वाटेचा हा वारसा. डावीकडे पाणी, उजवीकडे खडक, अधूनमधून कोरलेला बोगदा. उन्हातून अंधारात शिरलात की गारवा, ओल्या दगडाचा वास आणि तुमचाच आवाज भिंतींवर आदळून अंगावर परत येतो. व्हारेन्नाजवळ पुढे मालट्रक आहे. त्याचा डिझेलचा काळा धूर तोंडात जातो. चौथ्यातून तिसऱ्यात या, वाट मोकळी आहे हे बघा आणि मूठ पिळा.

तीन हजारांच्या खाली इंजिन कुरकुरत होतं. चार हजारांनंतर ते मोकळं होतं. गुडघ्यांमधून हवा ओढली जाण्याची घोगरी गर्जना येते, त्या उघड्या जाळ्यांतून. अगोदरची थरथर विरते आणि ठोक्यांची एकच सलग लय होते. सात हजारांवर प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभराहून अधिक वेळा खालीवर धावत असतो, पण हाताला कळतं ते एवढंच की गाडी पुढे निघाली आहे आणि ट्रक आरशात लहान होतो आहे. मघाशी हँडल खूप खाली वाटलं होतं ना? आता समोरून येणारा वारा छातीला टेकू देतो, मनगटावरचा भार उतरतो आणि बसण्याची ती रीत बरोबर वाटू लागते. ही बैठक शंभराच्या वर जाणाऱ्यांसाठी केली आहे. गावातून हळू जाताना ती छळते, मोकळ्या रस्त्यावर आराम देते.

कोलिको आलं. सरोवर संपलं आणि उजवीकडे व्हाल्तेल्लिनाचं रुंद खोरं उघडलं. नुकत्याच कापलेल्या गवताचा गोड वास येतो. उत्तरेच्या उतारांवर दगडी बांध घालून केलेले द्राक्षांचे मळे एकावर एक चढत गेले आहेत. पेट्रोलपंपावर थांबा. पिवळ्या पाटीवर सहा पायांचा, तोंडातून आग ओकणारा काळा कुत्रा आहे. टाकी बावीस लिटरच्या वर घेते, म्हणजे एकदा भरली की अर्धा दिवस चिंता नाही. पंपावरचा पोऱ्या नळी टाकीत घालतो आणि लगेच उकिडवा बसून मागच्या चाकाकडे बघू लागतो.

तो काय बघतो आहे ते तुम्हीही बघा. या गाडीला चेन नाही. इंजिनातून निघालेली ताकद गिअरबॉक्समधून सरळ मागे जाते, मागच्या फोर्कच्या नळीतून फिरणाऱ्या शाफ्टने चाकापाशी पोचते आणि तिथल्या तेलात बुडालेल्या दातेरी चाकांवर नव्वद अंशांत वळते. क्रँक लांबीत बसवल्याचा हा दुसरा फायदा. ज्यांनी चेनला तेल देऊन हात काळे केले आहेत, ताण जुळवताना नट घसरून बोटं सोलून घेतली आहेत, पावसात चेनचं काळं पाणी पँटवर झेललं आहे, त्यांना या बंद नळीची किंमत सांगायला नको. 1976 मध्ये बहुतेक वेगवान गाड्यांना चेन आहे आणि जोरात चालवलेल्या गाडीची चेन लवकर सैल पडते. तुम्ही नुसतं पेट्रोल भरून निघणार आहात.

तिरानोच्या अलीकडे जेवायला थांबा. लाकडी बाक, कागदी टेबलक्लॉथ, आतल्या खोलीत पत्त्यांचा डाव आणि पान आपटल्याचे आवाज. पित्सोक्केरी मागवा. काळपट कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर चीज आणि लसूण तळलेलं लोणी. ताट समोर आलं की चष्म्यावर वाफ धरते. सोबत बीफच्या वाळवलेल्या, कागदाइतक्या पातळ चकत्या मिळतील, नको असतील तर तसं सांगा. वाइनला मात्र संध्याकाळपर्यंत हात लावू नका. खिडकीबाहेर तीन पोरं तुमच्या गाडीभोवती जमली आहेत. त्यातलं एक पोरगं वेगाच्या काट्याच्या तबकडीवर नाक टेकवून शेवटचा आकडा मोठ्याने वाचतं. प्रत्यक्षात गाडी ताशी 200 किमीच्या आसपास जाते, तरी पोरांना शेवटच्या आकड्याखेरीज काही ऐकायचं नसतं.

बोर्मिओ सुटलं की घाट सुरू होतो. समोर स्टेल्व्हिओ. 1820 ते 1825 या काळात दोनेगानी यांनीच खोदलेला हा रस्ता 2757 मीटरवर जातो. सकाळी कॉफी प्यायलात तिथली उंची जेमतेम दोनशे मीटर होती.

पहिल्याच हेअरपिन वळणावर गाडी तुम्हाला एक धडा देईल. मूठ पिळली की शाफ्टच्या जोराने मागची बाजू वर उचलली जाते. मूठ सोडली की ती खाली बसते. वळणात झुकलेले असताना घाबरून मूठ सोडलीत, तर गाडी नेमकी नको तेव्हा खाली बसेल आणि खालचा भाग रस्त्याला घासण्याची भीती. म्हणून वळणाआधीच वेग कमी करा, गिअर खाली घ्या आणि झुकल्यावर मूठ थोडी उघडी, स्थिर ठेवा. चारपाच वळणांत पायांना आणि मुठीला ते कळतं. मग लय लागते: ब्रेक, गिअर, झोक, मूठ. तोंतींची ती खाली बसवलेली फ्रेम रेघ सोडत नाही. चटकन उडी मारणारी ही गाडी नाही, तिला वळायला सांगावं लागतं. पण एकदा झुकली की तुम्ही दुसऱ्यांदा विचार करेपर्यंत ती तिथेच राहते.

बोगद्यात शिरा. दिवे नाहीत, छतातून पाणी ठिबकतं, समोरून बस येते आहे आणि दोघांपैकी कोणीतरी मागे जायला हवं. बस मागे जाणार नाही. पाय टेकून गाडी मागे घ्या. भिंतीचा गारठा जॅकेटमधून आत येतो, पण दोन्ही पिंढऱ्यांना बाहेर आलेल्या सिलिंडरांची ऊब लागते. सकाळी गावात हीच ऊब त्रास देत होती.

वर, अजून वर. झाडं संपली. रस्त्याच्या कडेला मळकट बर्फ आणि वितळणाऱ्या पाण्याचे ओघळ. आता इंजिन जरा मंदावल्यासारखं वाटतं ना? हवा विरळ झाली आहे. दर हजार मीटरला ताकदीचा साधारण दहावा हिस्सा कमी होतो आणि कार्बोरेटर मात्र खालच्या हिशेबानेच पेट्रोल देत राहतो. एक गिअर खाली घ्या आणि फेऱ्या चढत्या ठेवा. खिशातली ती गोळी तोंडात टाका, कानांचे दडे सुटतील.

माथा आला. एवढ्या उंचीवर ही गर्दी! जर्मन नंबरच्या मोटारी, घामाने निथळणारे सायकलस्वार, जूनमध्ये खांद्यावर स्की घेऊन हिमनदीकडे निघालेले लोक, तव्यावर तडतडणारी सॉसेजं आणि आंबवलेल्या कोबीचा वास. कोणी इटालियन बोलतं, कोणी जर्मन. हेल्मेट काढा, कानांत अजून इंजिन वाजत असेल. पलीकडे ओर्टलरचा 3905 मीटर उंच बर्फाचा डोंगर आणि पायाखाली ती प्रसिद्ध बाजू: एकाखाली एक 48 हेअरपिन वळणं.

चढताना इंजिन कळलं, उतरताना ब्रेक कळतील. उजव्या पायाने पेडल दाबा. त्याने फक्त मागचं चाक अडवायची सवय आपल्याला असते. इथे एकाच पेडलने मागची डिस्क आणि पुढच्या दोन डिस्कपैकी डावीकडची, अशा दोन्ही एकदम आवळल्या जातात. हाताच्या लिव्हरकडे पुढची उजवी डिस्क तेवढी. ब्रेक बेर्गामोजवळच्या ब्रेंबोचे आहेत. पाय दाबला की गाडीचं नाक खाली आपटत नाही, सगळी गाडी सपाट राहून रस्त्याला बसते. चाळीस वळणं झाल्यावर, बोटं थंडीने आखडलेली असताना, ओल्या डांबरावर अचानक गाय आडवी आली तर ब्रेकचा हिशेब करायला डोकं मोकळं नसतं. तो हिशेब या जोडलेल्या नळ्यांनी आधीच करून ठेवला आहे.

ट्राफोईत पोचाल तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला असेल. सराईची मालकीण जर्मनमध्ये स्वागत करते आणि गरम सूप आणून ठेवते. मनगटं दुखत आहेत, मान आखडली आहे, जॅकेटला धूर, पेट्रोल आणि पाइनच्या चिकाचा वास आहे. जेवणाआधी गाडीकडे एक फेरी मारा. तेलाची पातळी बघा, टायर हाताने चाचपा. चेन नाही, त्यामुळे ताणायचं आणि तेल द्यायचं काही नाही. उद्या सकाळी स्टार्टर दाबला की ती आजच्यासारखीच निघेल.

त्या काळात हिच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाड्या होत्या. जपानची 900 सीसीची कावासाकी ताकदीत पुढे होती आणि इटलीतलीच लाव्हेर्दा योता सरळ रस्त्यावर हिला मागे टाकत असे. तरीही ल माँचं मोल मला अधिक वाटतं, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नाचं उत्तर आहे: वेग दिवसभर कसा टिकवायचा? सिलिंडर बाहेर काढले ते थंड राहावेत म्हणून, शाफ्ट घातला तो वाटेत थांबावं लागू नये म्हणून, फ्रेम खाली आणली ती थकल्या हातांनाही वळण जमावं म्हणून, ब्रेक जोडले ते थंडीने आखडलेल्या बोटांवर सगळी भिस्त राहू नये म्हणून. पोलिसांच्या कामाचं इंजिन वेगवान गाडीत घालणाऱ्या माणसांना लांबचा रस्ता ठाऊक होता. मांदेल्लोतला तो कारखाना आजही मोटारसायकली बनवतो आणि त्यांच्या टाकीच्या दोन्ही कुशींतून सिलिंडर आजही तसेच बाहेर डोकावतात.

म्हणून एक सांगणं. कधी कुणाकडे जुनी ल माँ दिसली आणि मालकाने विश्वासाने किल्ली तुमच्या हातात दिली, तर गल्लीत एक फेरी मारून ती परत करू नका. तेवढ्यात तुम्हाला फक्त जड क्लच आणि अडखळणारं इंजिन कळेल. सकाळी लवकर निघा, टाकी भरा, एखादा मोठा घाट ओलांडा आणि किल्ली संध्याकाळी परत करा.